एकवीरेची अंगणातली सफर

विचुंब्याला समुद्र नाही. तरी त्या पावसाळ्यात हरेशच्या अंगणात, लोखंडी टेकूंवर, डोलकाठीसकट एक अख्खी शिडाची होडी उभी होती. बाजूच्या सोसायटीतले लोक कपडे वाळत घालता घालता तिच्याकडे बघायचे आणि एकमेकांना विचारायचे, यांना पुराची काही आतली बातमी आहे की काय?

हरेशच्या घराण्याची मिठागरं होती. लहानपणी तो वडिलांबरोबर मिठाच्या गोण्यांवर बसून शिडाच्या होडीतून खाडीपार जायचा. पुढे मिठागरं गेली, शेतात टॉवर आले. हरेशने टेम्पोचा धंदा केला, तो मुलाच्या हाती दिला आणि साठी उलटल्यावर मुंबईच्या एका हौशी म्हाताऱ्याकडून ही फायबरची जुनी होडी उचलून आणली. नाव ठेवलं एकवीरा. दसरा झाला की निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूड, हर्णे, मालवण करत कारवार गाठायचं आणि शिमग्याला घरी यायचं, असा बेत होता. बेतात त्याची बायको सत्यवतीही होती. तिला मात्र कोणी विचारलं नव्हतं.

पावसाळाभर हरेश होडीच्या पोटाला चिकटून होता. वाळलेले कालवांचे थर खरवडले, भेगा भरल्या, शेवाळ धरू नये म्हणून खास रंग दिला, कुजलेले दोर बदलले, शिडाला ठिगळं लावून घेतली. गणपती गेल्यावर तो हात पुसत स्वयंपाकघरात आला.

"झाली बघ तयारी. आता फक्त सामान भरायचं."

"कोणाचं सामान?" सत्यवतीने विचारलं.

"आपलं. तुझ्याशिवाय मी जाईन का?"

"तुमाला घरात पंख्याखालची जागा सोडवत नाय. त्या डबड्यात पाच म्हयने कसं राहणार?"

"ऱ्हाईन की!"

"मग आधी हितंच राहून दाखवा. आठवडाभर. मीपण येते. जो आधी उतरेल तो हरला. तुमी हरलात, तर होडी विकायची."

"आणि तू हरलीस तर?"

"मी नाय हरत," ती म्हणाली आणि भाजी परतायला लागली.

हरेशने फक्त एक सवलत मागितली. न्हाणी-संडासासाठी घरात जायची मुभा असावी. बराच वाद होऊन घराची मागची बाजू 'बंदर' ठरली. बंदरात काम उरकून थेट परत यायचं, टीव्हीसमोर रेंगाळायचं नाही.

सोमवारी सकाळी दोघं शिडी चढून होडीत गेली. सत्यवतीने पहिल्याच तासात तीनदा कपाळ आपटलं. हरेश हसला आणि हसता हसता स्वतःच दारात आपटला. आतला ओटा जेमतेम पाटाएवढा. भाकरी थापायला हात उचलला की कोपर फळीला लागायचं. तिने ओटा हरेशला पुसायला लावला, पीठ बाहेर नेलं आणि उघड्यावर, सुकाणूशेजारी बसून भाकऱ्या थापल्या. आत शेगडीवर सुकट भाजायला टाकली.

सुकटीचा वास होडीत मावेना. तो सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचला. तिथे दिपिका राहायची. मूळची वर्ध्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे नुकतीच इकडे आलेली. ती नाक धरून बाल्कनीत आली.

"काकी, काहीतरी जळतंय का तुमच्याकडे?"

"जळत नाय गो, शिजतंय. सुकट हाय. खातेस?"

"मासळी? खाते, पण अशी वाळलेली कधी नाही खाल्ली."

"मग खाऊन बघ, नि नंतर नाक धर."

प्रश्न होता डबा पोचवायचा. खाली उतरलं की सत्यवती हरणार. तिने वर बघितलं. डोलकाठीच्या टोकावरून शीड चढवायचा दोर लोंबत होता.

"हा सोडा बघू," ती नवऱ्याला म्हणाली.

"सत्ये, तो नवाकोरा दोर शिडासाठी हाय!"

"आज सुकटीसाठी."

डबा दोराला बांधला, वर ओढला, झोका दिला. दिपिकाने कपडे वाळत घालायच्या काठीने तो अलगद ओढून घेतला. थोड्या वेळाने रिकामा डबा परत आला, तो कोथिंबिरीच्या वड्या घेऊन. सोबत दिपिकाचा प्रश्न: "काकी, उद्या काय करणार?"

मग रोज डबे जायला-यायला लागले. दोर विंचवर, म्हणजे डोलकाठीजवळच्या हातरहाटावर, किती वेढे घेऊन ओढायचा, कधी ढिला सोडायचा, कुठली गाठ धरते आणि कुठली सुटते, हे सत्यवतीला वड्या आणि भाकऱ्यांच्या नादात कळून गेलं. हरेश पाय पसरून बघत बसायचा आणि मनात खूश व्हायचा. तोंडाने मात्र काही बोलत नव्हता. बोललो तर ती थांबेल, अशी त्याला भीती होती.

बुधवारी डबा अर्ध्यातच अडकला. टोकावरची कप्पी जाम झाली होती. समुद्रात असं झालं असतं तर शीड ना वर गेलं असतं, ना खाली आलं असतं. कोणीतरी वर जाऊन ती सोडवायला हवी होती. हरेशने फळीचं आसन टोकावरून येणाऱ्या दुसऱ्या दोराला बांधलं, त्यात बसला आणि म्हणाला, "ओढ."

सत्यवतीने विंचचा दांडा दोन्ही हातांनी फिरवला. हरेश वीतभर उचलला गेला आणि तिथेच लटकला.

"तुमी शिमग्यापर्यंत वर पोचाल," ती धापा टाकत म्हणाली. "उतरा. मी जाते."

"तू?"

"मग काय दिपिकाला पाठवू?"

तिने साडीचा काचा मारला, कमरेला ग्रीसचा डबा बांधला आणि फळीवर बसली. हरेशने आणखी एक दोर तिच्या कमरेभोवती आवळला, गाठी पुन्हा पुन्हा तपासल्या. सत्यवती हळूहळू वर जायला लागली. दुसरा मजला गेला. तिसरा गेला. बाल्कन्यांमधून माणसं गोळा झाली. कोणी शूटिंग करत होतं, कोणी "जपून, काकी!" म्हणून ओरडत होतं. सत्यवतीने डोळे मिटून घेतले होते. डोलकाठीला घट्ट मिठी मारून ती देवीचं नाव घेत होती.

टोकाला पोचल्यावर तिने एक डोळा उघडला. दोन इमारतींच्या फटीतून कर्नाळ्याचा सुळका दिसत होता, आणि वारा खालच्यासारखा कोंडलेला नव्हता. तिने दुसराही डोळा उघडला. कप्पीत पाल्याचा आणि चिंधीचा बोळा बसला होता. तो तिने उपसून काढला, ग्रीस लावलं, चाक बोटाने फिरवून बघितलं. गरगर फिरलं.

"झालं का?" खालून हरेश ओरडला. "सोडू?"

"थांबा की जरा!"

"काय झालं? घाबरलीस?"

"बरं वाटतंय हितं!"

ती बराच वेळ उतरली नाही. खाली आल्यावर तिचा चेहरा लग्नाच्या वरातीतून आल्यासारखा फुलला होता.

गुरुवारी हरेशची कंबर धरली. आतला पलंग इतका अरुंद, की कुशीवर वळायचं तर आधी बाहेर यावं लागे. दुपारी तो कण्हत म्हणाला, "सत्ये, बस्स झालं. चल घरात."

"तुमी जा. मी आठवडा पुरा करते."

हरेश खरोखरच गेला. पंखा लावला, ऐसपैस आडवा झाला. घर गप्प होतं. बाहेरून मात्र दोराची करकर ऐकू येत होती, दिपिका आणि सत्यवती कशावरून तरी खिदळत होत्या. त्याने दोनदा उशी उलटवली. मग तीच उशी काखेत मारून तो शिडी चढला.

"आलात?" सत्यवतीने न बघताच विचारलं.

"मी हरलो. पण होडी विकू नको."

"येड लागलंय काय? आता ती माझी झाली. आधी करवतीने पलंगाशेजारचं कपाट कापा नि पलंग रुंद करा. ओट्याला फळी जोडा, भाकरी थापायला. मग बघू कारवार."

हरेशने कंबर धरूनच करवत उचलली.

दसऱ्यानंतर डोलकाठी आडवी करून एकवीरा ट्रेलरवर चढली आणि द्रोणागिरीजवळच्या कंटेनर-ट्रकांच्या रांगेतून वाट काढत करंजाच्या धक्क्याला पोचली. निरोप द्यायला मुलगा-सून आली होती, दिपिकाही आली होती. क्रेनने होडी पाण्यात ठेवली. डोलकाठी उभी झाली, कप्पीवरून दोर ओवला गेला. खाडीच्या तोंडापर्यंत ती इंजिनावर गेली. मग सत्यवतीने विंचला वेढे दिले आणि शीड वर चढवलं. ते आधी फडफडलं, मग फुगून गप्प झालं. हरेशने इंजिन बंद केलं. होडी एका कुशीला कलली आणि तिच्या पोटाखालून पाणी खळखळत पळायला लागलं.

हरेशने या क्षणासाठी बरंच काही बोलायचं योजून ठेवलं होतं. त्याने घसा साफ केला.

"आता बोलू नका जरा," सत्यवती म्हणाली. "ऐकू द्या."