वीरगळाला नाक

बस अकोटच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळली, तेव्हा ज्योत्स्ना वानखडे उभीच होती. दांडीला धरून ती मुलांना शेवटचं सांगत होती, "आधी पाहायचं, मग लिहायचं. गाइडात काय दिलंय ते इथे आठवायचं नाही."

अमरावतीच्या कॉलेजात कलेचा इतिहास शिकवायला लागल्यापासून तिचं हेच दुखणं होतं. पडद्यावर चित्र दाखवायचं, मुलांनी काळ आणि शैली वहीत उतरवायची आणि परीक्षेत ओकायची. प्रोजेक्टरचा दिवा इतका पिवळा पडला होता की संगमरवरालाही हळद लागल्यासारखी दिसे. एकदा तरी मुलांनी खरा दगड पाहून आपल्या डोळ्यांनी काही ठरवावं, म्हणून ती प्राचार्यांच्या मागे लागली होती.

"तुमच्या विषयाला पोरं येत नाहीत आणि तुम्ही बस मागता?" प्राचार्य म्हणाले होते. "जा. पण आल्यावर दाखवण्यासारखं काही नसलं, तर पुढच्या वर्षी हा विषय बंद. आपण इंटिरिअर डेकोरेशन सुरू करू."

दगड तिनेच शोधला होता. मारुतीच्या पाराजवळचा वीरगळ, लढाईत पडलेल्या कुणाच्या तरी आठवणीचा. खाली घोडा आणि झुंज, मध्ये वीराला उचलून नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तो. दिवाळीनंतर तिने पारावर लोकांना जमवून तासभर सांगितलं होतं. सातशे वर्षं हा तुमच्या दारात उभा आहे, याचा चेहरा तेवढा झिजून गेला याची हळहळ वाटते, असंही म्हणाली होती. लोकांनी मन लावून ऐकलं. वर्गात इतकं कुणी ऐकत नसे.

सरपंच खुशालराव हार घेऊन पाराशी उभे होते. त्यांच्यामागे वीरगळ होता.

घोडा निळा होता. अप्सरांच्या साड्या गुलाबी. वीर नखशिखांत सोनेरी. आणि त्याला चेहरा होता: सिमेंटचं नाक, टपोरे डोळे, गालापर्यंत वळलेल्या मिशा.

"तुमी बोलून गेल्या ना मॅडम, चेहरा गेला म्हून," खुशालराव म्हणाले. "साऱ्या गावाले चुटपुट लागली. एरवी आमी पोयाच्या सनाआधी पाराले रंग देतो. या खेपी म्हटलं, कालेजातले पोरं येऊन राहिले, पाहुन्यायसमोर असा बिनरंगाचा काहून ठेवाचा? अकोटहून कुर्बानभाईले बोलावलं."

दुकानांच्या पाट्या रंगवणारा कुर्बान पुढे झाला. "नाक लई बार गिरलं, मॅडम. आता पक्कं बसलं. मिशा मी आपल्या मनानं देल्ल्या. शिपाई आदमी, बिगर मिशीचा कसा दिसन?"

ज्योत्स्नाने वाकून निळ्या घोड्यावरून बोट फिरवलं. ऑइलपेंटखाली दगडातला ओलावा अडकतो आणि पुढे रंगाच्या पापुद्र्याबरोबर दगडाचीही साल निघते, हे ती वर्गात शिकवत असे.

"मॅडम, काळ कोणता लिहू?" पायलने वही उघडून विचारलं. "तेरावं शतक की मागचा आठवडा?"

मुलं हसली. निम्म्यांनी मोबाइल काढले.

"हा रंग... काढता येईल का?" ज्योत्स्नाने विचारलं.

"काढाचा? काहून जी?" खुशालराव क्षणभर गोंधळले. "बरं, तुमाले पसंत नसन तर दुसरा देऊ. कुर्बानभाई, थिनर आना, तारेचा ब्रश आना. आत्ता खरवडून टाकू."

"नको!" ती ओरडलीच. तारेच्या ब्रशाने घोड्याचा लगाम, अप्सरांची बोटं, सगळंच गेलं असतं. "राहू द्या. असाच राहू द्या."

"म्हंजे पसंत आहे!" हार तिच्या गळ्यात पडला, टाळ्या झाल्या. "मंग मागचाही उरकून टाका कुर्बानभाई. डबा उघडाच आहे. पोरायले पाहू द्या."

मागचा? ती पाराला वळसा घालून गेली. निंबाखाली दुसरा वीरगळ होता. दिवाळीनंतर त्याच्यावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता, म्हणून तिला दिसला नव्हता. आता गावाने तो तिच्यासाठीच मोकळा करून धुतला होता. लहान, काळा. खाली गाईंचा कळप, पुढे ढाल घेतलेला माणूस. त्याचा चेहरा शाबूत होता.

कुर्बानने ब्रश सोनेरी डब्यात बुडवला. ज्योत्स्ना मध्ये जाऊन उभी राहिली.

"भाऊ, याले रंग नाही लावाचा," ती म्हणाली. कॉलेजात ती असं बोलत नसे. "पयल्यालेही लावाचा नव्हता. रंगानं गोटा खराब होते."

"म्हंजे आमी खराब केला?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पलीकडे पाहुण्यांसाठी रोडगे भाजले जात होते. कुणीतरी शालीची पिशवी धरून उभं होतं.

"हो भाऊ. झाला खराब."

कुर्बानने ब्रश डब्याच्या काठावर आडवा ठेवला.

"सातशे वर्षं ऊनपान्यात उभा होता, तवा कोनी पाह्यले आलं नाही," खुशालराव म्हणाले. "आमी वर्गणी करून रंग देल्ला, तं खराब झाला. वा मॅडम!"

ते खोटं बोलत नव्हते, आणि तिला त्याचाच जास्त राग आला. शाल पिशवीतच राहिली.

तिने मुलांना निंबाखाली बोलावलं. पाचसहा आली, बाकीची सोनेरी वीरासोबत सेल्फी काढायला रांगेत होती. पायल बराच वेळ दगडासमोर उकिडवी बसून होती.

"मॅडम, गाई याच्याकडे पाहतच नाहीयेत. नुसत्या पळताहेत. मग हा कोणासाठी मेला?"

हा प्रश्न कुठल्याच गाइडात नव्हता. ज्योत्स्ना तिच्याशेजारी बसली, उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मोबाइल वाजला. मुलांनी पाठवलेल्या फोटोंवर प्राचार्यांचा निरोप होता: "उत्कृष्ट! रंगसंगती सुंदर. पेपरला देतो. विषय चालू ठेवू."

तिने मोबाइल पालथा ठेवला. कितीतरी वेळ तो तसाच थरथरत राहिला.

रोडगे आणि वांग्याची भाजी सगळ्यांना आग्रहाने वाढली गेली. तिलाही वाढली, फक्त तिच्या पंगतीला गावातलं कुणी बसलं नाही. बस निघताना ती खुशालरावांपाशी गेली.

"मागच्याले रंग देनार नाही ना, भाऊ?"

"पाहू. पोयाच्या आधी गाव काय म्हनते ते पाहू."

"मग मी पोळ्याच्या आधी येते. एकटी."

"या ना," खुशालराव म्हणाले. "पन पारावर बोलू नका. तुमी बोलल्या का गावाचा खर्च वाढते."