उपाशीपोटी

असाकान नारीनहून बिश्केकला सुनेकडे येऊन उतरला होता. वय बासष्ट, छातीत कळ, गुडघा निकामी. तपासणीच्या फिरत्या पट्ट्यावर चालवणं शक्य नव्हतं, म्हणून हृदयाच्या रक्तवाहिन्या फुलवणारं इंजेक्शन देऊन चित्र काढायचं ठरलं. वाहिनी तुंबलेली निघाली तर ऑपरेशन. नाहीतर मेंढ्या घेऊन डोंगरावरच्या कुरणात जायला तो मोकळा.

"काही खाल्लं-प्यायलं नाही ना, अक्साकाल?" तंत्रज्ञ बुरुलचाने म्हाताऱ्याला अदबीने विचारलं.

"छे गं लेकी. नुसता चहा."

तिने 'उपाशी' या रकान्यात खूण केली.

पहिलं चित्र गढूळ आलं. यकृतात साचलेल्या किरणोत्सारी औषधाचा उजेड हृदयाच्या खालच्या भिंतीवर सांडला होता. असलं चित्र पुढे पाठवणं बुरुलचाच्या जिवावर येई. यकृतातलं औषध खाली उतरावं म्हणून तिने त्याला साईचं दूध पाजलं, तासभर थांबवलं, मग पालथं झोपवलं.

"कातरायच्या मेंढरासारखं पाडलंस की!"

"हलू नका, नाहीतर खरंच कातरीन."

या खेपेला चित्र इतकं स्वच्छ आलं की डॉक्टर सादिरनी त्याची एक प्रत भिंतीवर लावली. अहवालात लिहिलं : दोष नाही.

अकराव्या दिवशी सुनेचा फोन आला. घोड्याचं खोगीर आवळता आवळता म्हातारा कोसळला होता.

"हृदय चांगलं आहे म्हणालात ना? उपाशीच आले होते हो तुमच्याकडे. पाच वाट्या चहा मीच ओतला, बाकी घास नाही पोटात."

बुरुलचाने फोन ठेवला. चहाने ते इंजेक्शन निकामी होतं, हे तिला पाठ होतं. मग वाहिन्या फुलत नाहीत, तुंबलेली आणि मोकळी सारखीच दिसते. तिने लख्ख चित्र काढलं होतं ते आराम करणाऱ्या हृदयाचं. आणि 'नुसता चहा' हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिच्या घरीही चहाला कुणी पिणं म्हणत नसे.

तिने डॉक्टरांना सगळं सांगितलं.

"अहवालावर सही माझी आहे," ते म्हणाले.

"खूण माझी."

भिंतीवरचं चित्र तिने काढून घेतलं. बाहेरच्या बाकावर तालासहून आलेली एक बाई बसली होती.

"उपाशी आहात?"

"अगदी."

"चहा?"

बाई हसली. "अगं, तो काय मोजायचा असतो?"

बुरुलचाने अर्ज परत दिला. "पुढच्या आठवड्यात या. चहाचा घोटही न घेता."

"इतक्या लांबून आलेय, लेकी!"

"माहीत आहे," बुरुलचा म्हणाली आणि दार लावून घेतलं.