पाहुणचार

हिंगणीच्या पलीकडच्या त्या गावाला नाल्यावर एक पूल हवा होता, बस्स. पावसाळ्यात नाला चढला की वांगी-टमाटे बैलबंडीतच सडत. दोन वर्षांपूर्वी पंचफुलाची थोरली लेक गोपिका बाळंतवेणा सोसत काठावरच गेली.

मागास गावांना निधी द्यायची योजना निघाली आणि पाहणीला साहेब येणार असं कळलं. मग काय! घरोघर चुना लागला, दारोदार रांगोळ्या पडल्या, पेटीत जपलेली लुगडी बाहेर निघाली. पंचफुलानं चार घरचं तूप गोळा करून पुरणाच्या पोळ्या केल्या. साहेब नको नको म्हणत असताना हिनं पोळीवर वाटीभर तूप ओतलं.

"घ्या ना जी! आमच्या गावातून कोणी उपाशी जात नाई."

साहेबानं ढेकर दिला, वहीत काही लिहिलं आणि जीपमध्ये बसून निघून गेला.

जेठ महिन्यात कागद आला. सरपंच नत्थूजींनी पंचफुलाच्या ओसरीवर बसून तो वाचला. गाव सुखवस्तू आहे, घरं नीटनेटकी, खाणंपिणं सढळ. निधीची गरज दिसत नाही.

पंचफुला भडकली. "काऊन जी, माह्या गोपिकाचं सांगतलं नाई काय त्याले?"

नत्थूजींनी मान खाली घातली. "जेवत्या पाहुण्यापुढं मरणाची गोष्ट काढू नका, असं तूच तं म्हटलं होतं."

बाळंतपणाला माहेरी आलेली धाकटी नलू आतून पाणी मागत होती. तिचे दिवस भर श्रावणात भरणार होते.