दोन वह्यांतली एक काट

रॉय ऑर्मरॉड स्वतःहून केक घेऊन आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. अडतीस वर्षांत या माणसाने मला साधं बिस्किट पुढे केलं नव्हतं.

तो आमच्या परगण्याच्या पोलीस दलाचा उपप्रमुख. शुक्रवारी निवृत्त होणार होता. मी सार्जंट म्हणून कधीच निवृत्त झाले आणि आता जुन्या कोठड्यांत थाटलेलं दलाचं छोटं संग्रहालय सांभाळते. त्याच्या निरोप समारंभासाठी काचेच्या कपाटात त्याची कारकीर्द मांडायची होती. पहिली शिट्टी, हेल्मेट, राजवाड्यातून मिळालेलं पदक, असं सगळं.

"बेरिल, शहाऐंशी सालच्या शिपायांच्या खिशातल्या नोंदवह्या पुरात गेल्या ना गं?" केक कापता कापता त्याने विचारलं.

"कोण म्हणालं, साहेब?"

"मीच तसं लिहून दिलंय. त्या गार्साइडच्या वकिलीणबाईंना."

विल्फ गार्साइड पहारेकऱ्याचं डोकं फोडून गोदाम लुटल्याबद्दल आठ वर्षं आत होता. पुरावा एकच. पोलीस गाडीत दोन शिपायांसमोर त्याने गुन्हा कबूल केला म्हणे. मी असं बोललोच नाही, हे तो आजतागायत सांगतोय. आता फुप्फुसं गेलीत, आणि मरायच्या आधी त्याला नाव धुऊन हवंय. त्याच खटल्यात रॉयला पहिली शाबासकी मिळाली आणि तिथून तो भराभर वर चढला.

त्या दोन शिपायांपैकी एक रॉय. दुसरी मी, शिपाई हॉयल, नोकरीला तीन आठवडे झालेली.

"तळघरात पाणी शिरलं होतं खरं," मी म्हणाले, "पण वह्यांचं खोकं वरच्या फळीवर होतं."

त्याची सुरी थांबली. "मग ते खोकं मीच नेतो. आठवण म्हणून."

"समारंभाच्या आधी? आणि कपाटात काय ठेवू, हा केक?"

तो हसला, पण नजर फळ्यांवरून फिरत होती. जाताना म्हणाला, "त्यात तुझीही वही आहे, विसरू नकोस. तुझ्या साक्षीशिवाय माझ्या वहीला कोण विचारणार होतं?"

मी दाराला कडी घातली आणि खोकं खाली काढलं. इथलं प्रत्येक खोकं मी उघडलंय, एवढं एक सोडून. का सोडलं, ते मला चांगलं ठाऊक होतं.

वहीत खाडाखोड करायची नाही, हा आमचा नियम. शब्द चुकला तर त्यावर एकच काट मारायची आणि शेजारी आद्याक्षरं घालायची. कबुलीच्या नोंदीत रॉयने आधी गार्साइडचं 'हिरवं जाकीट' लिहिलं होतं. 'हिरवं'वर काट, पुढे 'निळं'. त्या दुपारी कँटीनमध्ये त्याने वही माझ्यापुढे सरकवली होती. "बघून लिही, शिकशील." सगळे तसंच करत.

माझ्या वहीत त्याच ओळीत 'हिरवं', त्यावर काट, शेजारी माझी आद्याक्षरं. गुणी विद्यार्थिनीसारखी मी त्याची चूकसुद्धा उतरवून घेतली होती. त्या दिवशी मी गाडीत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागचं अवाक्षरही ऐकलं नव्हतं. कोर्टात मात्र शपथेवर सांगितलं, ऐकलं. मला स्वतःची किळस आली.

शुक्रवारी भाषणं झाली, शेरी पिऊन झाली. रॉय ग्लास हातात घेऊन पाहुण्यांना कपाट दाखवायला आला. पदकाखाली दोन्ही वह्या उघड्या, शेजारी शेजारी. खाली माझ्या अक्षरातली चिठ्ठी: 'ऑर्मरॉड आणि हॉयल, ११ मार्च १९८६. यातलं काहीही हॉयलने ऐकलं नव्हतं.'

पाहुणे वाकून वाचत होते. एकाने दोन्ही वह्यांतल्या काटेवर काचेवरून बोट ठेवलं.

"किल्ली दे," रॉय दात आवळून म्हणाला.

"वकिलीणबाईंकडे आहे. समारंभ संपला की त्या वह्या घेऊन जातील."

"तूही जाशील आत, कळतंय का तुला?"

"कळतंय, साहेब. सकाळीच जबाब देऊन आलेय," मी म्हणाले. "या वेळी कुणाचं बघून लिहिला नाही."