दाबून धरलेला पाय

शाळेची व्हॅन बेदियाको फिटरच्या शेडखाली लावून सेरवा उतरली, तेव्हा ती पार थकून गेली होती. पहाटेपासून अबुरीच्या डोंगरावरून मुलांच्या दोन खेपा झाल्या होत्या. दुपारची परतीची खेप अजून बाकीच होती.

"मास्टर, तो एबीएसचा फ्यूज काढून टाका."

"कोणी सांगितलं?"

"सगळेच काढतात. काल उतारावर ओल्या मातीत ब्रेक मारला, तर पेडल पायाला लाथाच घालायला लागलं. घाबरून पाय उचलला. रस्त्याकडेच्या अननसवालीच्या टोपल्या हातभरच लांब राहिल्या होत्या. मागे नऊ लेकरं बसलेली, मास्टर."

बेदियाकोनं एकेक चाक उचलून फिरवून पाहिलं, वायरी चाचपल्या. मग हात पुसत म्हणाला, "गाडी ठणठणीत आहे. चाक घसरायला लागलं की हे एबीएस आपणहून ब्रेक सोडतं-धरतं, म्हणून पेडल थरथरतं. गाडी वळवणं तुमच्या हाती राहतं. तुम्ही पाय उचललात, तिथं घोळ झाला."

"बाबांनी तसंच शिकवलंय. दाब-सोड, दाब-सोड. तीस वर्षं लॉरी चालवली, एक कोंबडी मारली नाही त्यांनी."

"त्यांच्या लॉरीत हे नव्हतं, सिस्टर. ते स्वतःच एबीएस होते."

सेरवाला हसायचाही कंटाळा आला होता. "फ्यूज काढता, की दुसरीकडे जाऊ?"

"जा. पण आधी मागच्या मैदानावर चला."

त्यानं तांबड्या मातीवर पाणी ओतलं, पुढे रिकामं पिंप उभं केलं आणि तिच्या शेजारी येऊन बसला. सेरवानं वेग घेतला, ब्रेक दाबला. पेडल थरथरलं आणि पाय आपोआप वर आला. पिंप आडवं. दुसऱ्यांदाही तेच. बेदियाको उतरला, पिंप उभं करून परत आला.

"बाबा आहेत अजून?"

"नाहीत."

"मग रागावणार नाहीत. दाबा आणि धरून ठेवा."

तिसऱ्यांदा पेडल तळपायाखाली धडधडायला लागलं. सेरवानं दात आवळले. वर येऊ पाहणारा पाय तिनं तसाच रेटून धरला आणि स्टिअरिंग वळवलं. व्हॅन घरघरत पिंपाच्या बाजूनं गेली आणि थांबली.

"सोडा आता. थांबली गाडी."

ती मान डोलावत राहिली. पाय मात्र तिनं लगेच उचलला नाही.