आठ संगणकांत एक आवाज

ताईची डिस्क तीन दिवसांपासून आतून कुरकुरत होती. ताई जन्मांध, आणि दृष्टिहीन मुलांच्याच शाळेत शिक्षिका. तिच्या लिनक्सच्या संगणकात पडद्यावरचं सारं वाचून दाखवणारा आवाज होता. कुठे थांबायचं, कुणाचं नाव कसं उच्चारायचं, हे तिने त्याला सहा वर्षं शिकवलं होतं. दुसरी प्रत नव्हती. जुन्या डिस्कने मान टाकण्याआधी तो आवाज वर्गातल्या आठ संगणकांवर उतरवायचा होता.

काम धाकट्या भावाकडे आलं. दुरुस्तीचा धंदा त्याने निवडलेला. घाई मात्र जन्मजात.

"तुझी जुनी आणि ही नवी, रिकामी, दोन्ही डिस्क जोडल्या. एंटर दाबला की झालं."

"आधी डिस्कचा क्रमांक वाच."

"मी रोज हेच करतो गं, ताई."

"रोज माझी डिस्क असते का? वाच, शहाण्या."

जुन्या डिस्कवर तिने तिच्या क्रमांकाची ब्रेलमधली पट्टी चिकटवली होती. तिचं बोट त्या उंचवट्यांवर टेकलं. जिच्यातून नक्कल घ्यायची, त्या डिस्कचे शेवटचे आकडे त्याने पडद्यावरून वाचले, "सात, शून्य, दोन, नऊ."

"माझे तीन, तीन, आठ, एक."

त्याने एंटरवरचं बोट झटकन उचललं. मघाशी बंद करून पुन्हा चालू करताना यंत्राने दोन्ही डिस्कच्या नावांची अदलाबदल केली होती, आणि त्याने सवयीने आज्ञेत आधीचीच नावं लिहिली होती. एका बोटाच्या दाबाने रिकामी डिस्क भरलेलीवर उतरली असती. सहा वर्षांच्या जागी नुसती शून्यं.

"ताई..."

"रडू नकोस. अजून दाबलेलं नाहीस."

"रडत नाहीये."

"मग नाक का ओढतोस? लिही परत."

दुपारी वर्गातला पहिला संगणक नव्या डिस्कवर सुरू झाला आणि भुंग्यासारखा गुणगुणला. ताईच्या खोलीतून हीच गुणगुण त्याने वर्षानुवर्षं ऐकली होती. शब्द कधीच हाती लागले नव्हते.

"माझा ऐकायचा वेगही उतरला की! मुलांना इतकं धावतं कळायचं नाही." तिने कळा दाबून वेग कमी केला. गुणगुण विरघळत गेली, आणि त्यातून एकेक शब्द सुटा होऊन बाहेर आला: "आजची आठवण. धाकट्याला फोन कर. जेवलास का, विचार."

ताईचे कान लाल झाले. "कामात दिवस कुठे जातो कळत नाही, म्हणून लिहून ठेवलं होतं. काढून टाक आधी. मुलं टर उडवतील."

"काढतो," तो म्हणाला, आणि आवाजाला ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.