पट्टेरी पानांची लोला

मुकद्दस ओपा ही माझी थोरली जाऊ. ओपा म्हणजे आमच्याकडे ताई. गावच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवायची आणि घरी आली तरी शिकवायची थांबायची नाही. एकदा खोकल्यावर काढा करायला मी झऱ्यावरच्या कड्यातून हंसराजाची पानं खुडून आणली, तर ही चुलीपाशी हजर.

"आदियांतुम आहे ते. म्हणजे न भिजणारं. पाण्यात बुडवून बघ, कोरडंच निघेल."

"ओपा, मला ते प्यायचंय. ओळखपाळख नाही वाढवायची."

गावात तिला 'लॅटिन ओपा' म्हणायचे. तिला ठाऊक होतं, पण ती मनावर घ्यायची नाही.

त्या वर्षी तुरगून अक्सकालांनी मागचा उतार नांगरून बदामाची बाग लावायचं ठरवलं. गावातलं वडीलधारं माणूस ते. त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. गावातली तरणी माणसं रशियात इमारती बांधायला गेलेली, त्यांची दोन्ही मुलं त्यातच. माझा नवराही तिकडेच. बाग झाली तर तो परत येईल, एवढंच मला कळत होतं.

पण त्या उतारावर वसंतात लोलाची तांबडी रानफुलं फुलायची. ओपाने सरळ शहरात जाऊन निसर्ग खात्याकडे तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी अक्सकाल आमच्या अंगणात. चहाचा पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"सूनबाई, लोला कुठे नाही? गव्हात आहे, रस्त्याकडेला आहे. माझ्या घराच्या मातीच्या छपरावरसुद्धा उगवते. छपराचीही तक्रार केलीस का?"

"छपरावरची खसखशीच्या कुळातली, बाबा. पापावेर. ती एका वर्षात उगवते, फुलते, मरते. उतारावरची तुलिपा ग्रेइगी, खरी ट्यूलिप. बी रुजल्यापासून कितीतरी वर्षं नुसतं एक पान काढते आणि कांदा जमिनीत खोल खोल नेते. मग कुठे फूल. एकदा नांगर फिरला की आपल्या हयातीत परत दिसायची नाही."

"आपल्या भाषेत दोन्ही लोलाच ना?"

"हो. म्हणून तर घोळ होतो."

"घोळ तू घालतेस," म्हणून ते उठले.

ते गेल्यावर मीच तिच्यावर तुटून पडले. "तुझा नवरा रोज रात्री घरात जेवतो, ओपा. तुला फुलं सुचणारच!"

तिचा चेहरा उतरला. पण आवाज तसाच राहिला. "बदाम लावायचेच, होसियत. ओढ्यापलीकडच्या उतारावर लावू."

"तिथे पाणी कुठाय?"

"आणू."

खात्याचा माणूस सोमवारी येणार होता. आदल्या दिवशी, रविवारी, शहरातून गाड्या आल्या. उतारावर तांबडं रान पेटल्यासारखं फुललं होतं. त्या लोकांनी कवेत मावेनात इतकी फुलं तोडली, गाड्यांच्या टपांवर बांधली आणि निघून गेले. आम्ही दोघी धावत वर पोचलो तेव्हा उतारावर देठांचे खुंट तेवढे उरले होते. ओपा मटकन खाली बसली. मला वाटलं, आता ही रडेल. ती खुंटांमधली जमीन निरखत होती. मग झगा झटकून उठली. "चल. उद्या साहेबांना चहा लागेल."

सोमवारी बोतिरोव साहेब आले. जाडजूड, घामाघूम, परत जायच्या घाईत. अक्सकालांनी काठीने उतार दाखवला. "बघा साहेब, काही दिसतंय का?"

"बाई, फूलच नाही, तर मी नोंद कशाची करू?"

"पानाची करा," ओपा म्हणाली.

"पानं काय, सगळ्यांना असतात."

"अशी नसतात. खाली वाका."

साहेब कुरकुरत वाकले. दगडाच्या आडोशाला रुंद, निळसर हिरवं पान होतं, आणि त्यावर कुणी जांभळी शाई शिंपडावी तसे ठिपक्यांचे पट्टे. "पापावेरचं पान कातरलेलं, केसाळ. दुसरी तुलिपा, काउफमानची, तिचं पान साधं. पट्टे फक्त हिला. आणि हे बघा, हे एकटं पान. ही अजून फुललीच नाही कधी. पोरगी आहे."

साहेबांनी दुसरं पान शोधलं, मग तिसरं. थोड्या वेळाने त्यांनी कोट काढून दगडावर ठेवला आणि चक्क गुडघ्यांवर रांगत वर सरकू लागले. शेवटी धापा टाकत अक्सकालांना म्हणाले, "बाबा, हिला कायद्याचं संरक्षण आहे. इथे नांगर चालायचा नाही."

अक्सकाल काठी टेकत उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपा फावडं घेऊन झऱ्यावर एकटीच गेली आणि ओढ्यापलीकडच्या उतारासाठी पाट खणायला लागली. जमीन म्हणजे निव्वळ खडक. मी काही दिवस दारातूनच बघत राहिले. राग गेला नव्हता. मग तिच्या तळहातांचे फोड बघवेनात, म्हणून कुदळ उचलली. आमच्यामागून अक्सकालांच्या सुना आल्या, नान नि दही घेऊन. शेवटी अक्सकालही आले. ओपाशी बोलले नाहीत, माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांग, एवढ्या चढाने पाणी वर जात नाही. वळण इथून द्या." बरोबरच होतं ते.

फक्त झऱ्यापाशी ओपा अडून बसली. सरळ पाट काढला असता तर कड्यावरची ओल तुटून हंसराज वाळला असता. त्यासाठी आम्हाला सगळा वळसा नव्याने खणावा लागला. मी तिला मनसोक्त शिव्या घातल्या आणि खणलं.

शरदात बदाम लावले. निम्मे पहिल्याच हिवाळ्यात मेले. माझा नवरा परतला तो काही बागेसाठी नव्हे. कामावर पाठ धरली म्हणून. पण राहिला. आता बर्फ वितळलं की दरवर्षी पाट गाळाने भरतो, आणि आम्ही सगळे मिळून तो पुन्हा उपसतो.